बिनफीचं मनगट

हैदराबाद, १२ जून २०२५

अन् जागा पोट्टीले द्यायचीच होती, तं मले एका शब्दानं सांगतलं असतं दादा. आईच्या फोनवरून समजा लागलं मले. आई काजलले तुयाकडे सोडायले कारंज्याले आलती, तुया क्लासमधूनच बोलून राह्यली होती, मांगून कीबोर्डची खटखट ऐकू ये. म्हणे, "काजल खिडकीत बसली ना रे, लय लोकं थांबून पाह्यते." म्हटलं कोनत्या खिडकीत. म्हणे, "तुयाच."

हे बरं केलं तू. मी गेलो तं दोन वर्ष जागा रिकामी ठेवली. मले वाटे, दादा मायी वाट पाहून राह्यला. अन् लहान्या बहिणीचा दहावीचा निकाल लागत नाई तं तिच्या डोयाले दुपट्टा बांधून बसवलं.

पाच वर्ष काढले म्या त्या खिडकीत. नववी नापास झालो तवा तूच मले रोहण्याहून घेऊन आलता. क्लासची जागा पहिले औषधाचं दुकान होती, मेडिकलवाल्याचा काउंटर तसाच होता, छातीइतका उंच. तू म्हणे तोडायचा कायले, याच्यावरच एक काम्प्युटर ठेवू, रोडवरून दिसते. अन् मले उंच स्टुलावर चढवलं. पाय लटकत राहे. नागपूर-अमरावतीचे ट्रकवाले धाब्यावर जेवले की काडीनं दात कोरत चालत येत, म्हणत, "वो आँख बाँधके टाइप करनेवाला कहाँ है?" आठवते का तो पंजाबी ड्रायव्हर, ज्यानं हिंदी पेपर वाचून दाखवला अन् म्या डोये बांधून सारा कॉलम टायपला, एक चूक नाई? त्यानं मले लस्सी पाजली अन् तुले बी. तू माया खांद्यावर हात ठेवून साऱ्याईले सांगे, "हा माझा विद्यार्थी. नववी नापास आहे. मिनिटाला पंचावन्न शब्दांवर नेला मी याला. मग तुमच्या मुलाला का नाही नेणार?" लोकायसमोर तू अशीच पुस्तकासारखी मराठी बोले.

अन् टायपिंगच्या सरकारी परीक्षेचा फॉर्म म्हटला की पुढच्या बॅचले भरू. पुढची बॅच पाच वर्ष आलीच नाई. म्हणून ठेकेदारासोबत निघून आलो. तू गावभर सांगतो की पोट्टा पळून गेला. मी पळालो नाई दादा, तुले दोनदा सांगून गेलतो.

आता तू म्हणशीन, फोन असतानी पत्र काऊन. फोनवर तू "बरं, बरं" म्हणतो अन् ठेवून देतो. मांगच्या टायमाले हात दुखते म्हटलं तं म्हणे मलम लाव, कामचोरी करू नको. म्हणून पत्र लिवतो, ते बी पोस्टातून सही घेऊन देतील असं. अन् टायपून नाई पाठवत. तुयासाठी लय टायपलं म्या. अक्षर वाकडंतिकडं आलं तं वाचून घेजो, खाटेवर बसून लिवतो, खाट हालते.

इथं काम चांगलं आहे. जुने हातानं लिवलेले कागद येते, मराठीचे अन् हिंदीचे, ते काम्प्युटरात घालायचे. काय लिवलं ते मले सारं समजत नाई, पण बोटायले समजते. सध्या शेठनं मले टायपायवरून काढून कागद नंबरानं लावायले बसवलं आहे. ते थोड्या दिवसाचं आहे.

इथं आपल्या तिकडचे एक अण्णाजी आहे, वडनेरचे. चौतीस वर्ष कचेरीत टायपिस्ट होते, आता पोराजवळ राह्यते. घरी करमत नाई म्हणून आमचं टायपलेलं तपासायले येते. त्यायनं मले टायपतानी पाह्यलं अन् इचारलं, "बाबू, तुले शिकवलं कोनं?"

म्या छाती काढून सांगतलं, "माया सख्ख्या भावानं. क्लास आहे त्याचा."

"पट्टीनं मारे का तो?"

म्हटलं, "साऱ्याईले मारे. मनगट खाली आलं की पट्टी. एकट्या मले कधी लागली नाई. अख्ख्या क्लासमधी मी एकटाच होतो तसा."

अण्णाजीनं चश्मा काढून सदऱ्याले पुसला, परत घातला, अन् आपल्या टेबलावर जाऊन कागद तपासायले लागले. म्हाताऱ्या लोकायले दुसऱ्याचं चांगलं ऐकवत नाई कधी कधी.

तं सांगायचं इतकंच, काजलले खिडकीतून उठवजो. शिकवायचं तं आंतमधी टेबलावर शिकव, बाकीच्या पोट्ट्यायसोबत. खिडकी मायी आहे. दसऱ्याले नागपूरले येईनच, तिथून कारंज्याले येतो. तवा मले जागा रिकामी पाह्यजे.

रत्नदीप


हैदराबाद, ३ जुलै

दादा, जय भीम. मांगच्या पत्राचं उत्तर नाई. तुयी सही झालेली पोचपावती मायाजवळ आली, म्हणजे वाचलं तू.

त्या पत्रात दोन गोष्टी खोट्या लिवल्या, त्या पहिले सांगून टाकतो. खाट हालत नाई. मी डाव्या हातानं लिवून राह्यलो. अन् कागद लावायचं काम थोड्या दिवसाचं नाई. उजव्या हाताचा अंगठा अन् त्याच्या बाजूचे दोन बोटं बधिर झाले. एप्रिलमधी चहाचा कप हातातून सुटला, मले समजलंच नाई सुटला म्हणून, शेठच्या कागदावर सांडला तवा समजलं. कापडाची गुंडी लावता येत नाई. डावा हात बी त्याच रस्त्यानं आहे, पण त्याले अजून दम आहे.

सरकारी दवाखान्यात गेलतो. डॉक्टरीण बाई होती, हिंदीत बोलली. मनगटातून बोटायकडे नस जाते, ती दबली म्हणे. मनगट मांगं मोडून, कडेवर टेकवून, वर्षानुवर्ष ठोकलं की दबते. मले म्हणे, "बेटा, कितने साल से?" म्हटलं चौदाव्या वर्षापासून. तिनं कागदावर काई तरी लिवलं अन् कडक पट्टा देला. दोन महिने पट्टा घालायचा अन् बसायची सवय बदलायची. त्यानं नाई जमलं तं मनगट चिरा लागन.

दुसऱ्या दिवशी अण्णाजी पेपरात गुंडाळून लाकडी पट्टी घेऊन आले. शेठ जेवायले गेलता. मले म्हणे, "बस. जसा रोज बसे तसा बस." बसलो. त्यायनं ती पट्टी माया दोन्ही हाताच्या पाठीवर आडवी ठेवली. "आता चालव." मी एक ओळ पुरी नाई केली अन् पट्टी घसरून कोपराकडे आली.

अण्णाजी म्हणे, "घसरगुंडी झाली बे तुयी. हात कुठं जाऊन राह्यला अन् पंजा कुठं. अन् ठोकतो किती. खुंटा गाडून राह्यला का?"

मंग त्यायनं मायी खुर्ची वर घेतली, कीबोर्ड कडेच्या आंत सरकवला, पायाखाली विटा ठेवल्या. स्वतः बसून दाखवलं. दादा, तो माणूस चौसष्ट वर्षाचा आहे, त्याचे हात असे चालते जसं कोनी पीठ चाळून राह्यलं. आवाज नाई. हात हवेत अन् पट्टी तिथंच. मले म्हणे, "हे तुया भावाले माहीत नोतं का?"

म्हटलं, "त्याले सारं माहीत आहे. पाठ आहे."

"मले नाई वाटत."

मले राग आला. तुयावर कोनी बोट उचलावं हे अजून मले सहन होत नाई, काय करू. म्या उभं राहून त्यायले पूर्ण पाठ म्हणून दाखवला, सकाळच्या सातच्या बॅचले तू म्हणे तसा. "दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. पाठ खुर्चीला. कोपर बरगडीजवळ, काटकोनात. मनगट सरळ, टेबलाच्या कडेला टेकवायचं नाही. कळ दाबायची, ठोकायची नाही. नजर समोर, मान खाली नाही. नखं कापलेली. अर्धा तास झाला की हात खाली सोडायचे, मुठी उघडायच्या, मिटायच्या. वीस वेळा." सारं तुयाच आवाजात. "वीस वेळा" म्हणतानी तू नाक वर ओढतो, ते बी माया तोंडून आलं.

अण्णाजी पहिले हासले. मंग त्यायनं हळूच इचारलं, "इतकं ऐकलं, तं तसा बसला काऊन नाई?"

दादा, पाच वर्ष रोज सकाळी हा पाठ माया पाठीमांगून चाले. मायं तोंड रोडकडे, पाठ तुयाकडे, डोयाले दुपट्टा. मले एक दिवस बी असं नाई वाटलं की हे मायासाठी बी आहे. ते आंतल्यायसाठी होतं. मी खिडकीतला होतो.

अण्णाजी म्हणे, "पट्टी मारायले नसते बाबू. मनगट खाली आलं की उचलायले असते. आमचे मास्तर बी तसंच करत. फटका लागे, पण हात वर येत."

म्हणजे समज. आंतल्या टेबलावरच्या माधवीचं मनगट खाली आलं की तू पट्टी टेकवून उचले. त्या गवळ्याच्या पोट्ट्याचं उचले. ज्याले अक्षर ओळखू ये ना, त्याचं बी उचले. अन् मी घरी आईले सांगत राह्यलो की दादा मले मारत नाई, मायावर जीव आहे त्याचा. आई साऱ्या रोहण्यात सांगे.

खिडकी मायी आहे असं मांगच्या पत्रात लिवलं होतं. ते खोड. मले नको ती. काजलले तिथून उठव, लवकर उठव. सोळा वर्षाची आहे, हात कवळे आहे. आईले माया हाताचं सांगू नको.

रत्नदीप


हैदराबाद, १९ जुलै

रविवारी तुया फोन आला, बरं वाटलं असं लिवणार होतो. पण नाई वाटलं.

पहिलं वाक्य काय बोलला तू? "काय बे, पत्र पाठवतो, कोर्टाची नोटीस आल्यावानी वाटते. पोट्टे पाह्यते." म्हणजे तुले पोट्टे काय पाह्यते त्याची पडली. मी हाताचं बोललो तं म्हणे, "मोबाईल पाहून पाहून झालं असन." मी डॉक्टरीण बाईचं सांगतलं तं म्हणे, "डॉक्टर असंच सांगते." मी पाठाचं सांगतलं, पट्टीचं सांगतलं. मले वाटलं आता दादा बोलन. आता म्हणन, चुकलं बाबू. मी फोन कानाले दाबून धरला, डाव्या हातानं.

अन् तू म्हणे, "तू विद्यार्थी थोडीच होता रे. घरचा होता. मी तुले शिकवलंच नाई, तू पाहून पाहून शिकला."

दादा, हे वाक्य मी लिवून घेतलं. जसंच्या तसं आहे ना?

पाच वर्ष माया खांद्यावर हात ठेवून तू ट्रकवाल्यायले, मास्तरायले, पोट्ट्यायच्या बापायले सांगे, हा माझा विद्यार्थी. रांगेनं लोकायनं पोरं आणून टाकले तुयाकडे. आता हात गेला तं मी विद्यार्थी नोतो. हात चांगला होता तोवर तुया होता, बिघडला तं माया.

तुयं बी ऐकलं म्या. नवा क्लास होता, दोन पोट्टे होते, चौकात दुसरा क्लास निघालता. "खिडकी नसती तं क्लास नसता, अन् क्लास नसता तं तू काय खाल्लं असतं?" हे बी खरं आहे. तू मले उपाशी नाई ठेवलं. पहिली वाढ तू माया ताटात टाके, हे मी कोनापुढं बी कबूल करीन. अन् मले बी मजा ये, हे बी खरं. नापास पोट्ट्याले पाहायले ट्रक थांबते, याच्यापेक्षा अजून काय पाह्यजे चौदाव्या वर्षी.

पण एक गोष्ट मी फोनवर बोललो नाई. तोंडात आलती, गिळली. आता लिवतो.

दुसरा का तिसरा महिना असन. मनगट ठणके म्हणून म्या कीबोर्ड काउंटरवरून उतरवला अन् मांडीवर घेतला. कोपर खाली आले, हात सरळ झाले, लय बरं वाटलं. स्पीड बी कमी नोती. तू टपरीवरून चहा पिऊन आला. पाह्यलं. काई रागावला नाई. हासतच कीबोर्ड उचलून परत वर ठेवला अन् म्हणे, "मांडीवर रोडवरून दिसत नाई बाबू."

मंग तू आंत गेला, खडूचा रिकामा डबा आणला अन् कीबोर्डच्या मांगच्या बाजूखाली लावला, म्हणजे तो रोडकडे उचलून दिसन अन् बोटं लोकायले चांगले दिसतील. मले तवा बरं वाटलं होतं. वाटलं, माये बोटं दाखवण्यासारखे आहे.

आता दुसरं ऐक. आंतल्या बारा कीबोर्डच्या मांगचे छोटे पाय तू पकडीनं मोडून टाकले होते. म्यांच धरलते ते कीबोर्ड, तू मोडत होता. मी इचारलं कायले मोडतो. म्हणे, "पोरं उभे करतात, मग मनगट मागे मोडतं. नस दबते." 

नस दबते, असंच म्हटलं होतं तू. डॉक्टरीण बाईच्या तोंडून ऐकलं तवा मले वाटे हे कुठं तरी ऐकलं आहे. दोन आठवडे आठवत नोतं. काल कागद लावता लावता आठवलं. त्याच आठवड्यातलं आहे दादा. त्याच आठवड्यात तू आंतल्यायचे पाय मोडले अन् मायाखाली डबा लावला.

तुले माहीत नोतं असतं तं मी काई बोललो नसतो. अडाणी भावानं अडाणी भावाचा हात बिघडवला, याच्यात काय बोलायचं. पण तुले माहीत होतं.

काजलचं फोनवर इचारलं तं तू म्हणे, "तिले काई होत नाई, तिचे हात हलके आहे." डबा आहे का अजून खाली? इतकं तरी सांग.

र.


हैदराबाद, ८ ऑगस्ट

तू नाई सांगतलं. काजलनं सांगतलं.

मंगळवारी माधवीच्या फोनवरून फोन केलता तिनं. माधवीले कायचं बोलू नको, तिनं फक्त फोन देला. काजल पहिले हासत होती. म्हणे, "रतनदादा, मी अडतीसवर गेली. काल एसटी थांबली ना खिडकीपुढं, ड्रायव्हर उतरला पाहायले."

म्हटलं, "हात कसे आहे?"

"चांगले आहे."

"काजल."

"अरे, सायंकाळी थोडे झिनझिन करते. भाकर मोडतानी बोटं झोपून जाते. मोठ्या दादाले नको सांगू हां. तो म्हणन हिले बी बहाने सुचते, रतनसारखे."

म्हटलं मनगट खाली येते का तुयं. तं ती काय म्हणे, सांगू? म्हणे, "येत असन, मले काय माहीत, डोये बांधले राह्यते. पण मोठा दादा मले पट्टी नाई मारत. साऱ्याईले मारते, मले नाई मारत."

अन् असं खुशीनं म्हणे दादा. ती "हॅलो, हॅलो" करत राह्यली. म्हणे, "रेंज गेली वाटते."

मंग तिले म्या सांगतलं. पाय टेकव, कोपर खाली घे, कडेले टेकू नको, हळू दाब, मधी मधी उठून हात सोड. म्हणे, "काउंटरवर कसं जमन रे? पाय तं लटकते. अन् डबा काढला तं मोठा दादा परत लावते." डबा आहे तं अजून.

मी मोतीलाल सुताराले फोन केलता. आंतले टेबल त्यायनंच बनवले होते, बरोबर मापाचे, तुयाच मापानं. म्हटलं काका, तेवढा काउंटर हातभर कापून खाली करा, मजुरी मी देतो. ते म्हणे, "बाबू, मी आत्ता कापतो, पण प्रफुल्लनं सांगा लागन. दुकान त्याच्या ताब्यात आहे." अन् तुले त्यायनं इचारलं तं तू सांगतलं की काउंटर घरमालकाचा आहे, हात लावता येत नाई. घरमालकानं औषधाचं दुकान उठलं तवाच म्हटलं होतं, पाह्यजे तं तोडा. तू मायासमोर "तोडायचा कायले" म्हटलं होतं.

बरं. आता मी सांगणं बंद करतो.

लय इचार केला म्या. भाऊ म्हणून सांगून पाह्यलं. आईची आण घालणार होतो, पण आईले सांगतलं तं ती रडन अन् काजलले रोहण्याले घेऊन जाईन. मंग काजलचं टायपिंग बी जाईन अन् पुढचं बी. तिले परीक्षा द्यायची आहे. तिले मायासारखं डोये बांधून वाहवा नाई पाह्यजे, कागद पाह्यजे, शिक्क्याचा. तिले कारंज्यातून काढायचं नाई मले. फक्त खिडकीतून काढायचं आहे.

तुया क्लासमधी मनगट कोनाचं उचलल्या जाते, हे मायापेक्षा जास्त कोनाले माहीत असन? ज्याचं नाव रजिस्टरात आहे त्याचं. ज्याची पावती फाटली त्याचं. माया वेळेले आपल्या घरात ते कोनाले सुचलं नाई. घरच्याची कायची फी, असंच आई म्हणे, मी बी म्हणे. चूक तीच झाली.

तं आता मी तुया भाऊ म्हणून नाई, काजलचा पालक म्हणून लिवतो. तू वाचतानी पुस्तकासारख्या मराठीत वाच, म्हणजे समजन.

कु. काजल प्रेमदास थूल, हे नाव रजिस्टरात लिवजो, आजच्या तारखेनं. सातची बॅच. टेबल आंतलं, भिंतीकडचं, जिथं खुर्ची वरखाली होते ते. ती बसली की पहिले पाय पाह्यजो, पोचत नसन तं खाली पाट दे. डोयाले काई बांधायचं नाई. परीक्षेचा फॉर्म याच सत्रात भरायचा, पुढच्या बॅचले नाई. त्याची फी वेगळी असते हे मले माहीत आहे, ती पुढच्या महिन्यात देतो. अन् पट्टी घेऊन तिच्यामांगं उभा राह्यजो, जसा माधवीच्या मांगं राहे तसा. मनगट खाली आलं की उचलजो. फटका लागला तरी चालते. ती रडली तं मी समजावीन तिले.

सूट देऊ नको. घरची आहे म्हणून एक रुपया कमी केला तं मी समजून घेईन की अजून ती खिडकीतलीच आहे. पावती फाडायची अन् काजलच्या हातात द्यायची. ती माधवीच्या फोनवरून मले फोटो पाठवन. पावती नाई आली तं मी दसऱ्याची वाट पाहणार नाई. पट्टा घातलेला हात घेऊन सातच्या बॅचले येऊन उभा राहीन, अन् तुया पाठ साऱ्या पोट्ट्यायसमोर म्हणून दाखवीन. मंग डबा दाखवीन.

खिडकीत कोनाले तरी बसवणं भागच असन तं तू बस. तुयी स्पीड बी काई कमी नाई. दुपट्टा आई बांधून देईन.

माया हाताचं इचारशीन असं नाई, तरी सांगतो. अण्णाजी रोज अर्धा तास बसवते. पट्टा काढून पंधरा शब्दायवर आलो आहे, पट्टी अजून घसरते, पण एका ओळीऐवजी चार ओळी राह्यते. शेठ म्हणतो, पोळ्यापर्यंत पाहीन, नाई जमलं तं कागद लावायचंच काम कर, तेवढ्याच मजुरीत. डावा हात मात्र वाचला असं डॉक्टरीण बाई म्हणे. हे पत्र त्यानंच लिवलं.

तुया बोर्डावर लिवलं आहे, महिन्याचे आठशे, सहा महिन्याचे आगाऊ घेतल्या जाते. आज दुपारी तुया मोबाईल नंबरावर टाकले. पावतीवर पाठवणाऱ्याच्या नावापुढं "भाऊ" लिवू नको, "पालक" लिवजो.

काजलची सहा महिन्याची फी, रुपये चार हजार आठशे फक्त.